'प्रभारी' या पदाची जात

तंजावरहून फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "अक्का, चौथा साहेबही बाहेरूनच आणला," एवढंच तो म्हणाला आणि गप्प झाला. पुढचं मला विचारावं लागलं नाही. याआधी तीनदा असाच फोन आला होता.

हा माझा तंबी. तमिळमध्ये धाकट्या भावाला तंबी म्हणतात आणि थोरल्या बहिणीला अक्का. काही वर्षांपूर्वी हैदराबादेत, वर्तमानपत्रांत काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या एका छोट्या बैठकीत आमची ओळख झाली. बाकी सगळे वार्ताहर आणि उपसंपादक होते. जाहिरात विभागातले आम्ही दोघेच. बातमीतली जात, मथळ्यातली जात, फोटोतली जात यावर दोन दिवस चांगली चर्चा झाली. पगार ज्या पैशातून होतो तो पैसा कुठून आणि कोणाच्या ओळखीने येतो, यावर कोणी बोललं नाही. जेवणाच्या रांगेत आम्ही दोघं तेवढंच बोललो. तो शेतमजुराचा मुलगा, घरातला पहिला पदवीधर, बी.कॉम. मी गवंड्याच्या हाताखाली पाट्या टाकणाऱ्या बाईची मुलगी, मीही बी.कॉम. मोडक्या हिंदीत आणि त्याहून मोडक्या इंग्रजीत हे नातं टिकून आहे.

तंजावर म्हटलं की मराठी वाचकाला व्यंकोजीराजे, सरफोजी आणि सरस्वती महाल आठवतो. तंबीला त्याच्या जिल्ह्याबद्दल विचारलं तर तो आधी कीळवेण्मणी सांगतो. 25 डिसेंबर 1968 च्या रात्री मजुरीसाठी लढणाऱ्या दलित शेतमजुरांची 44 माणसं, त्यात बहुतेक बायका आणि मुलं, एका झोपडीत जाळून मारली गेली. ते गाव तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यात होतं. कावेरीच्या त्या भातखोऱ्यात जमीन कोणाची आणि चिखलात पाय कोणाचे, हे जातीने ठरवलेलं होतं. भाताच्या पैशातून गिरण्या उभ्या राहिल्या, कापडाची आणि सोन्याची दुकानं उभी राहिली, त्यांची मालकीही त्याच वाटेने गेली. आणि छोट्या शहरातल्या वर्तमानपत्राची जाहिरात दुकानातूनच येते.

तंबीचं वर्तमानपत्र छोटं आहे. नाव लिहीत नाही, त्याला अजून तिथेच नोकरी करायची आहे. टाळेबंदीनंतर पानं बाराची आठ झाली, पगार महिन्याच्या वीस तारखेला आला तरी लोक खूश होतात. या वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागाला पाच वर्षांत चार प्रमुख झाले. पहिले एका मोठ्या दैनिकातून निवृत्त झालेले. तीन पगार अडकल्यावर ते घरी बसले. दुसरे मालकांच्या सासुरवाडीकडचे. गाडी होती, ओळखी होत्या, वसुलीला जायची लाज वाटायची. तिसरे चेन्नईहून आले, दर सोमवारी 'डिजिटल पॅकेज' समजावून सांगायचे. आठ महिन्यांनी त्यांना दुसरीकडे चांगली नोकरी मिळाली. चौथे आता आलेत.

या प्रत्येक दोघांच्या मधल्या काळात विभाग तंबीने चालवला. आधी तीन महिने, मग सात, मग चार. एकूण चौदा महिने. पद म्हणजे 'प्रभारी'. तमिळमध्ये पदाच्या नावापुढे कंसात 'पोरुप्पु' लिहितात. त्या शब्दाचा साधा अर्थ जबाबदारी. म्हणजे जबाबदारी त्याच्याकडे होती, आणि तीही कंसात.

त्या सात महिन्यांत आडी महिना आला. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा हा महिना तिकडे लग्नाला वर्ज्य मानतात, म्हणून कापड दुकानदार सूट लावून माल काढतात. आपल्याकडे दिवाळीत असते तशी जाहिरातींची सुगी तिकडे आडीतही असते. तंबीने एका मोठ्या कापड दुकानाची दर आठवड्याला अर्धं पान अशी महिनाभराची जाहिरात आणली. बुडीत म्हणून सोडून दिलेल्या उधारीतली निम्म्याहून जास्त रक्कम वसूल केली. त्यासाठी काय केलं विचारलं तर म्हणाला, "काही नाही अक्का, रोज गेलो." त्याच्याकडे एक वही आहे. कोणाकडे किती बाकी, कोणता दुकानदार महिन्याच्या कोणत्या तारखेला पैसे मोकळे करतो, कोणाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध कधी आहे म्हणजे 'कण्णीर अंजली'ची जाहिरात कधी मागायची, कोणाला पान तीन चालत नाही. प्रत्येक नवा साहेब पहिल्या आठवड्यात ती वही मागतो. तिघांना त्याने झेरॉक्स काढून दिली. चौथ्यांनीही मागितली आहे.

मालकांनी नकाराचं कारण कधी लपवलं नाही. कापडवाले, सराफ, गिरणीवाले यांच्यासमोर बसायला "वजन लागतं" असं ते म्हणतात. मोठ्या गिऱ्हाइकांना "संकोच वाटू नये" असंही म्हणतात. जातीचा शब्द एकदाही तोंडातून निघत नाही.

ही भाषा मला पाठ आहे. मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा दैनिकात जाहिरात प्रतिनिधी म्हणून लागले तेव्हा व्हिजिटिंग कार्ड छापायची वेळ आली. व्यवस्थापक चांगले गृहस्थ होते, रागावून कधी बोलले नाहीत. ते म्हणाले, "ताई, आडनाव कशाला? नुसतं नाव ठेवू, मॉडर्न वाटतं." त्यांच्या स्वतःच्या कार्डावर नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव ठळक होतं. मला ते कळायला सहा महिने लागले. मग विभागणी कळली. मोंढ्यातले अडते, बियाणं-खताच्या कंपन्या, सराफा, मंगल कार्यालयं ही एकाकडे. शाळा-कोचिंग दुसऱ्याकडे. माझ्याकडे 14 एप्रिलची जयंती पुरवणी आणि 'तुमच्या भागातल्या' शुभेच्छा जाहिराती. एप्रिलमध्ये मी वस्ती-वस्तीतून फिरून नगरसेवक, शिक्षक, बँकेतले कर्मचारी, छोटे कंत्राटदार यांच्याकडून पाचशे-हजाराच्या जाहिराती गोळा करायचे. आमची माणसं पैसे द्यायची, तेही रोख, अभिमानाने. दिवाळी पुरवणीत मात्र माझं काम मजकूर तपासण्याचं. कमिशन टक्क्यांवर असायचं, त्यामुळे कागदावर सगळे समान. ज्याला सराफा मिळाला त्याचे पाच टक्के आणि जिला जयंती मिळाली तिचे पाच टक्के, यांत फरक केवढा होता ते माझ्या पासबुकात दिसायचं.

बाहेरच्याला जाहिरात विभाग म्हणजे जागा विकणारं दुकान वाटतं. आत बसलं की वेगळं दिसतं. दरपत्रक छापलेलं असतं, पण प्रत्यक्ष दर प्रमुख ठरवतो. कोणाला चाळीस टक्के सूट, कोणाला एक पैसाही नाही. कोणाला तीन महिन्यांची उधारी, कोणाकडून आगाऊ रोख. कोणती एजन्सी चालेल, जिचे पंधरा टक्के आधीच कापून घ्यायचे असतात. कोणती बातमी "जरा थांबवा, त्यांची पुरवणी येतेय" म्हणून संपादकाच्या टेबलावर अडते. वीजचोरी केलेल्या गिरणीचं नाव बातमीत 'एक गिरणी' असं का झालं, हे वार्ताहराला कळत नाही. जाहिरात प्रमुखाला कळतं, कारण फोन त्यानेच केलेला असतो. म्हणून या खुर्चीवर कोण बसतो हा प्रश्न संपादकाच्या खुर्चीइतकाच आपला आहे.

छोट्या जाहिरातींची पानं तर जातीचं रोजचं कार्यालय आहेत. वधू-वर सदरात पोटजातीपर्यंतचे मथळे कोण लावतं? विभाग लावतो, आणि शब्दांवर पैसे मोजून घेतो. नोकरीच्या जाहिरातींचं काय होतं, हे सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तपासलं. वर्तमानपत्रांतल्या 548 खासगी नोकरीच्या जाहिरातींना त्यांनी 4,808 अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, फरक नावाचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांशावर आली, मुस्लिम नावाला एक-तृतीयांशावर. माझ्या व्यवस्थापकांनी हा अभ्यास वाचला असण्याची शक्यता नाही. कार्डावरचं आडनाव मात्र त्यांनी बरोबर काढलं होतं.

माध्यमांतल्या जातीच्या मोजण्या तुम्ही पाहिल्या असतील. 1996 च्या नोव्हेंबरमध्ये बी. एन. उनियाल यांनी 'पायोनिअर'मध्ये लिहिलं की दिल्लीत शोधूनही त्यांना एक दलित पत्रकार सापडला नाही. 2006 च्या दिल्लीतल्या सर्वेक्षणात 37 इंग्रजी-हिंदी माध्यमांतल्या 315 निर्णयकर्त्यांमध्ये एकही दलित वा आदिवासी नव्हता. 2019 साली ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्रीच्या अहवालात 121 नेतृत्वपदांपैकी 106 उच्चवर्णीयांकडे निघाली, अनुसूचित जाती-जमातींकडे शून्य. या सगळ्या मोजण्या बातमीच्या बाजूच्या खुर्च्यांच्या आहेत. जिन्याच्या पलीकडे, जिथे रिलीज ऑर्डर येतात आणि धनादेश जमा होतात, तिथल्या खुर्च्या त्यांत धरलेल्या नाहीत. आपणही कधी मागणी केली नाही. संपादक होण्याचं स्वप्न आपण मुलांना दाखवतो, जाहिरात व्यवस्थापक होण्याचं दाखवत नाही.

बाबासाहेबांना मात्र हे फार आधी दिसलं होतं. 1940 च्या दशकात त्यांनी लिहून ठेवलं आहे की अस्पृश्यांना स्वतःचं वर्तमानपत्र नाही, आणि ते काढता येणं अवघड आहे, कारण जाहिरातीच्या उत्पन्नाशिवाय वर्तमानपत्र जगत नाही. जाहिरात व्यापाऱ्यांकडून येते आणि व्यापारी काँग्रेसला बांधलेले. त्याच ठिकाणी बातम्या पुरवणाऱ्या असोसिएटेड प्रेसमधली माणसं सगळी मद्रासी ब्राह्मण असल्याचंही ते सांगतात. बातमी कोणाच्या हातात आणि जाहिरात कोणाच्या हातात, हे दोन प्रश्न त्यांनी एकत्र ठेवले. आपण पहिला उचलला आणि दुसरा तिथेच ठेवला.

त्यांनी हे अनुभवातून लिहिलं होतं. 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' निघालं. ते निघत आहे एवढं सांगणारी जाहिरात पैसे घेऊन छापा, अशी विनंती 'केसरी'ला केली होती. 'केसरी'ने पैसे देऊनही ती छापली नाही. ही गोष्ट आपल्या प्रत्येक सभेत सांगितली जाते आणि टिळकांवर टाळ्या घेऊन संपते. मी तिच्याकडे जाहिरात विभागात नोकरी केलेल्या बाईच्या नजरेने पाहते. पैसे हातात होते, जागा विकाऊ होती, गिऱ्हाईक दारात उभं होतं. तरी व्यवहार झाला नाही. बाजार जात पाहत नाही, नफा पाहतो, असं सांगणाऱ्यांनी या एका नाकारलेल्या जाहिरातीचा हिशोब लावून दाखवावा.

'मूकनायक'चं पुढचं प्रकरण आपण कमी सांगतो. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचं. ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप व्यवस्थापक होते. छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. जुलै 1920 मध्ये बाबासाहेब शिक्षण पुरं करायला लंडनला गेले आणि पुढे व्यवस्थापक घोलप हेच संपादक झाले. ते कर्तबगार गृहस्थ होते. 1921 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सभासद म्हणून गेले. पण लंडन आणि परळ यांच्यात पत्रांचाच आधार होता आणि दोघांत बेबनाव झाला. महाराज 6 मे 1922 ला गेले. 1923 मध्ये पत्र बंद पडलं. यात कोण बरोबर, कोण चूक, याचा निवाडा मला करायचा नाही. मला एवढंच दिसतं की लेखणी जगातल्या सर्वांत तल्लख माणसाची होती आणि तरी पत्र व्यवस्थापनाच्या खुर्चीपाशी अडलं. 'बहिष्कृत भारत'च्या वेळी तर चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेब एकटे भरत होते. त्या रकान्यांच्या बाजूला जाहिरात भरणारा माणूस समाजाकडे नव्हता. असता तरी त्याला दुकानाच्या पायरीवर बसवलं असतं.

इथे तंजावरची आठवण येते. सरफोजीराजांनी 1800 नंतरच्या पहिल्या दशकात तिथे देवनागरी छापखाना चालवला, इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. मराठी छपाईच्या इतिहासात त्याचा मान मोठा आहे. राजाचा छापखाना, त्याला जाहिरात लागत नव्हती. एक भोसले राजा तंजावरात पुस्तक छापतो, शंभर-सव्वाशे वर्षांनी कोल्हापूरचे छत्रपती 'मूकनायक'ला पैसे देतात. दोघांच्या हेतूंत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण राजा गेला की कागद अडतो ही अडचण दोन्हींत सारखी. तंजावरचं राज्य 1855 मध्ये इंग्रजांनी खालसा केलं.

तमिळ बाजूला दुसरी वाट दिसते. आयोति दासर यांनी 19 जून 1907 ला मद्रासच्या रायपेट्टाहून 'ओरु पैसा तमिळन' काढलं. किंमत नावातच, एक पैसा. वर्षभराने नुसतं 'तमिळन' झालं. 1914 मध्ये ते गेले आणि पत्र अडखळलं. पुढे ते पुन्हा निघालं ते कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या वस्तीतून. खाणीत उतरणाऱ्या, बौद्ध झालेल्या तमिळ दलित मजुरांनी ते उचलून धरलं. आपल्याकडे 'दीनबंधू'चं असंच. 1 जानेवारी 1877 ला कृष्णराव भालेकरांनी पुण्यात काढलं, पैशाने थकले, 1880 मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईला नेलं. लोखंडे मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर होते. मालाची आवक-जावक आणि नोंदी सांभाळणाऱ्या माणसाच्या हातात पत्र गेलं आणि ते उभं राहिलं. गिरणगावातला वाचक त्यांच्या ओळखीचा होता, हे तर आहेच. पण वही लिहिता येणं ही छोटी गोष्ट नव्हे.

आता सरकारी जाहिरातीचं. टेंडर, जाहीर नोटिसा, नगरपालिका आणि जिल्हा परिषदेच्या जाहिराती हा छोट्या वर्तमानपत्राचा श्वास असतो. सरकारचा पैसा सगळ्यांचा, तिथे तरी आडनाव चालत नसेल, असं मला नोकरीच्या सुरुवातीला वाटायचं. यादीवर येण्याच्या अटी वाचल्या आणि समज उतरला. केंद्राच्या 2016 च्या छापील जाहिरात धोरणात गुणांची पद्धत आली. 100 पैकी 25 गुण प्रमाणित खपाला, 20 कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीला, 20 पानांच्या संख्येला, 15 वृत्तसंस्थेच्या सेवेला, 10 स्वतःच्या छापखान्याला, 10 प्रेस कौन्सिलची वर्गणी भरण्याला. भविष्य निर्वाह निधीची अट मला मनापासून मान्य आहे, कामगाराचं हित आहे त्यात. पण स्वतःचा छापखाना, जास्त पानं आणि वृत्तसंस्था मिळून 45 गुण हे आधीपासून भांडवल असलेल्याला मिळणारे गुण होते. वस्तीतल्या खोलीतून निघणारं, दुसऱ्याच्या यंत्रावर छापलं जाणारं चार पानी पत्र ते कुठून आणणार? मजकूर कोणासाठी आहे, कर्मचाऱ्यांत कोण आहे, नेतृत्वात कोण आहे, याला एकही गुण नव्हता. सरकारी पैशाच्या वाटपात प्रतिनिधित्वाला गुण ठेवा, ही मागणी आपल्या संघटनांच्या निवेदनांत आली पाहिजे. पुतळा आणि नामांतर यांच्या खालच्या ओळीत का होईना.

तंबीच्या मालकांची बाजूही पाहू. ते काही राक्षस नाहीत. कागद महागला, वाचक मोबाइलवर गेला, जाहिरातदारही गेला. बुडत्या धंद्यात कोणता मालक धोका पत्करेल, असं ते विचारतात. मी तंबीला म्हटलं, त्यांना म्हणावं, धोका तुम्ही चार वेळा पत्करला आहे. चार वेळा जास्त पगारावर बाहेरचा माणूस आणला, त्यातले तीन निघून गेले. ज्याच्या हातात वसुली झाली त्याला एकदाही आजमावलं नाही. बुडतं वर्तमानपत्र सोडून जाण्यासाठी ज्यांच्याकडे दुसरी जागा असते ते जातात. ज्याच्याकडे नसते तो राहतो, आणि राहिला म्हणून तो कायमचा 'प्रभारी' ठरतो. मोठ्या गिऱ्हाइकाला संकोच वाटेल म्हणतात, तर त्या कापडवाल्याला सात महिन्यांत कधी वाटला? त्याने तर आडीचं अर्धं पान दिलं. संकोच कोणाला वाटतो आहे हे मालकांनी एकदा नीट तपासावं.

आपल्याही घरात डोकावलं पाहिजे. आपली मासिकं, पाक्षिकं, पोर्टलं 14 एप्रिल, 6 डिसेंबर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या विशेषांकांवर जगतात. त्या अंकांच्या जाहिराती गोळा करणारा कार्यकर्ता कोण असतो? बेरोजगार पदवीधर. एसटीचं भाडं आणि चहा एवढं त्याचं मानधन. लेखकाचा फोटो छापतो, त्याचं नाव शेवटच्या पानावर आभारात, तेही कधी कधी. दोन वर्षांनी कोणीतरी हिशोब मागतं, तो वैतागतो, संशय धरला म्हणून बाजूला होतो, नवा मुलगा येतो, नवी पावतीबुकं छापली जातात. तंबीच्या मालकांनी पाच वर्षांत चार बदलले म्हणून आपण नावं ठेवतो, पण आपल्या एका मासिकात मी सहा वर्षांत पाच जाहिरात सांभाळणारे पाहिले. त्यातला एकही पगारी नव्हता. जाहिरात घेणं म्हणजे विकलं जाणं, असा एक सोवळेपणाही आपल्यात आला आहे. तो कोणाकडून आला याचा विचार करा. बाबासाहेबांनी 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊन छापून आणण्याचा प्रयत्न केला, त्यात त्यांना काही कमीपणा वाटला नव्हता.

म्हणून बी.कॉम., बी.बी.ए., एम.बी.ए. करून बाहेर पडलेल्या मुलामुलींशी थोडं कामाचं बोलते. वर्तमानपत्रात, वाहिनीत, एजन्सीत जाहिरातीच्या बाजूला जागा असेल तर तिला दुय्यम समजू नका. गेलात तर पहिल्या महिन्यात दरपत्रक आणि प्रत्यक्ष बिलं शेजारी ठेवून पाहा, तिथे त्या गावाचा जातनकाशा दिसेल. 'तुमच्या भागाचं' काम दिलं तर घ्या, पण सराफ्याचं कधी देणार हे ईमेलवर विचारा. तोंडी विचारू नका. आणि 'प्रभारी' केलं तर तारखेसह लेखी आदेश मागा, त्या काळाचा भत्ता मागा, वसुलीवरचं कमिशन मागा. मागताना अंगावर काटा येतो, मला माहीत आहे. आपल्या घरात मागणं म्हणजे उपकार, असं शिकलेलो असतो आपण. पण दुसरीकडे अर्ज कराल तेव्हा कागदावर नसलेले चौदा महिने हे घडलेलेच नसतात. सव्वा वर्ष विभाग चालवलेला माणूस मुलाखतीत 'ज्येष्ठ प्रतिनिधी' म्हणून बसतो आणि त्याच्यासमोर आठ महिन्यांत पळालेला माणूस 'माजी विभागप्रमुख' म्हणून बसतो.

तंबीकडे लेखी काहीच नव्हतं. तीनही वेळा मालकांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, खांद्यावर हात ठेवून. वहीचं काय करू, असं त्याने मला त्या फोनवर विचारलं. माझा पहिला राग असा होता की देऊ नकोस, बघू दे चालतं का. रात्री विचार केला. तसं केलं तर मालकांना हवं ते कारण मिळेल, आणि वही कामाच्या वेळेत झाली आहे, ती कार्यालयाचीच. सकाळी फोन करून म्हटलं, वही दे, पण हात हलवत देऊ नकोस.

मग आम्ही दोघांनी तीन संध्याकाळी बसून, म्हणजे फोनवर बसून, एक पत्र तयार केलं. आधी त्याचं इंग्रजी, मग त्याच्या बहिणीने केलेलं तमिळ. त्यात तीनही प्रभारी काळांच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या तारखा आहेत. प्रत्येक काळात आलेल्या जाहिराती आणि झालेली वसुली, बिलांच्या क्रमांकांसह. सोबत दिलेल्या वहीची पानं किती, हेही. शेवटी दोन मागण्या: चौदा महिन्यांचा प्रभारी भत्ता, आणि विभागप्रमुख पदाची पुढची निवड होईल तेव्हा आतल्या कर्मचाऱ्यांकडूनही अर्ज मागवावेत. भाषा साधी ठेवली. जात हा शब्द घालायचा का, यावर आम्ही बराच वेळ भांडलो. तो म्हणाला, "अक्का, आत्ता नको. तारखा वाचून त्यांना कळेल." मला पटलं नव्हतं, पण नोकरी त्याची आहे.

परवा त्याने फोटो पाठवला. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाचा आवक शिक्का, तारीख आणि कारकुनाची सही. खाली त्याने लिहिलं होतं, शिक्का द्यायला ती बाई तयार नव्हती, मी अर्धा तास उभा राहिलो. उत्तर अजून आलेलं नाही. नवे साहेब वही घेऊन बाजारात गेले होते आणि दुपारी परत येऊन त्याला विचारत होते की मधल्या गल्लीतला तो सराफ नक्की कोणत्या तारखेला पैसे मोकळे करतो.